नारीशक्ती राहू द्या, आधी ढोलकी ऐका

आमच्या नेरुळच्या सोसायटीला यंदा २५ वर्षं होतायत. त्यानिमित्त कार्यक्रम काय ठेवायचा यावर गेले तीन आठवडे जे चाललंय त्याला चर्चा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. झालं असं की कल्चरल कमिटीतल्या एका ताईंनी सुचवलं, दरवर्षीचा तो जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा पुरे झाला, या वेळी संगीत बारीतली, म्हणजे लावणीच्या थिएटरातली, एखादी चांगली पार्टी बोलवू, दोन तास लावणी, आणि त्याआधी अर्धा तास कॉलेजच्या पोरींचा एखादा रॅप ग्रुप. बस एवढंच. रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर मेसेज पडला आणि सकाळी दात घासता घासता बघतो तर शे-दीडशे मेसेज. एका गटाचं म्हणणं, फॅमिली सोसायटी आहे, मुलं बघणार, लावणी कसली आणताय. दुसऱ्या गटाचं म्हणणं, हा स्त्रीशक्तीचा जागर आहे, महाराष्ट्राची परंपरा आहे, विरोध करणाऱ्यांची मानसिकता बुरसटलेली आहे. मग क्लब हाऊसमध्ये मीटिंग झाली, तिथंही हेच, फक्त सोबत चहा आणि खारी.

मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि एक गोष्ट लक्षात आली की अख्ख्या भांडणात कुणीही गाण्याबद्दल एक शब्द काढला नाही. पार्टी कुणाची, ढोलकीवर कोण, पेटीवर कोण, बैठकीची लावणी होणार का नुसती नाचाची, त्या रॅपवाल्या पोरी कुठल्या भाषेत लिहितात, काही नाही. एकाला बाई दिसली, दुसऱ्याला नारीशक्ती दिसली, वाद्य कुणालाच ऐकू आलं नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. बायकांनी चालवलेलं गाणं-बजावणं आवडायला संस्कृतीचं सर्टिफिकेट लागत नाही आणि स्त्रीमुक्तीचंही लागत नाही. आवडतं म्हणून जावं, पैसे मोजून जावं, कान देऊन ऐकावं आणि सुमार असेल तर घरी येताना सुमार होतं असं म्हणावं. आणि मला विचाराल तर विरोध करणाऱ्यांपेक्षा हे जागरवाले जास्त नुकसान करतायत. कसं ते सांगतो.

आधी माझ्याबद्दल, कारण हा माणूस कुठून बोलतोय हे कळलं पाहिजे. माझे वडील जुन्नर तालुक्यातले, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. आमच्याकडे गावची यात्रा म्हणजे तमाशा, त्याशिवाय यात्रा नाही. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागायच्या, गावोगावचे पंच तिथं जाऊन सुपारी ठरवायचे, विसार द्यायचे, आणि आम्हा पोरांना या वर्षी कुणाचा फड येतोय हे कळेपर्यंत झोप नसायची. तेव्हापासून मला हा नाद लागला तो लागलाच. मुंबई-ठाण्यात काही वेगळं असेल तर मी जातो. गडकरी रंगायतनला दशावतार बघितलाय, जत्रेत मौत का कुवा बघितलाय ज्यात एक बाई दोन्ही हात सोडून बाईक चालवत होती आणि वरून लोक तिला दहाच्या नोटा दाखवत होते. एका कॅफेत पंधरा माणसांसमोर ओपन माइक ऐकलाय ज्यातली अकरा माणसं स्वतःचा नंबर यायची वाट बघत होती. बायको म्हणते तुझी चव म्हणजे भेळ आहे. असेल. पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त मजा येते ती बाई मालकीण असलेल्या कार्यक्रमात, आणि का येते हे मला पक्कं माहितीये.

दोन-तीन वर्षांपूर्वी वाशीला भावे नाट्यगृहात लावणीचा कार्यक्रम होता. नाचाच्या दोन-चार लावण्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, आणि मग साठीच्या पुढची एक बाई येऊन स्टेजच्या मधोमध मांडी घालून बसली. बैठकीची लावणी. बोल अगदी साधा होता, आलेल्या पाहुण्याला बसा म्हणायचं, एवढंच. पहिल्यांदा ती 'बसा' म्हणाली तेव्हा पदर सावरून, मान खाली, जणू सासरेबुवा आलेत. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा समोर उधारी मागायला आलेला वाणी होता, भुवई बघूनच कळलं. तिसऱ्यांदा कोण आलं ते सांगायची गरज नव्हती, हॉलमधली बायामाणसं आधी हसली आणि पुरुष मागाहून. आणि चौथ्यांदा तिनं तोच शब्द, तीच चाल, फक्त अर्धा स्वर खाली घेऊन शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हटला, आणि ढोलकीवाल्यानं हात वर उचलून तसाच धरून ठेवला, वाजवलंच नाही. माझ्या शेजारचा माणूस वेफर खात होता तो खायचा थांबला. चार वेळा एक शब्द. यात संस्कृती आहे का, असेल. स्त्रीशक्ती आहे का, असेल. पण त्या क्षणी मला जे झालं त्याला ही दोन्ही नावं तोकडी पडतात.

आता विरोधकांचं म्हणणं घेऊ. मुलं बघणार. ठीक. पण याच नेरुळात, आमच्या गच्चीवरून ज्याचे लाइट दिसतात त्या डी वाय पाटील स्टेडियमवर नोव्हेंबर २०१९ मध्ये केटी पेरी आणि दुआ लिपा येऊन गेल्या. आमच्या सोसायटीतली कितीतरी माणसं हजारो रुपयांची तिकिटं काढून गेली, मुलांना खांद्यावर घेऊन गेली, फोटो टाकले. तेव्हा कुणी विचारलं का की बाईंचे कपडे काय होते, मुलांवर काय परिणाम होईल? जानेवारी २०२५ ला कोल्डप्लेचे तीन शो झाले तेव्हा तर आख्खं नेरुळ स्टेशन माणसांनी वाहत होतं आणि जे गेले नाहीत ते तोंड लपवून फिरत होते. नऊवारीत पायापर्यंत झाकलेली बाई मात्र फॅमिलीला चालत नाही. मग अडचण कपड्यांची आहे का? मला नाही वाटत. परदेशातून आलेलं, महागडं तिकीट लावलेलं शरीर हे एंटरटेनमेंट, आणि एसटीनं आलेलं, कोल्हाटी-डोंबारी अशा पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या घरातलं शरीर हे अश्लील, असा तो साधा हिशोब आहे.

हा हिशोब सोसायटीनं नाही शोधला, सरकारनंच शिकवलाय. स्वातंत्र्य मिळाल्यावर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, मग तो सुधारायला समिती, मग संहिता तपासून घेतल्याशिवाय प्रयोग नाही. २००५ मध्ये डान्स बार बंदीचा कायदा आला तेव्हा त्यात थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना, क्लबांना, जिमखान्यांना सूट होती. म्हणजे नाच तोच, पण फरशी इटालियन असेल तर नीतिमत्ता टिकते. हायकोर्टानं २००६ ला तो कायदा रद्द केला, २०१३ ला सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं, आणि हा श्रीमंत-गरीब भेद त्यातला एक मुख्य मुद्दा होता. आणि याहून भारी सांगू का, ऑर्केस्ट्रा बारच्या लायसन्सला अट होती की स्टेजवर जास्तीत जास्त चार बायका आणि चार पुरुष. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ही बायका-पुरुषांची वाटणी रद्द केली, एकूण आठ ही मर्यादा ठेवली पण आठच्या आठ बायका असल्या तरी चालेल असं म्हटलं. म्हणजे २०२२ पर्यंत आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात पाच बायकांचा बँड एखाद्या बारमध्ये गायला उभा राहिला असता तर नियमभंग झाला असता. पाच पुरुषांचाही झाला असता हे खरं, पण पाच पुरुषांच्या चारित्र्याची काळजी म्हणून कुणी ती अट घातली नव्हती.

पण विरोधकांचा जो खरा मुद्दा आहे तो आमच्या मीटिंगमध्ये कुणी मांडलाच नाही, तो मला मांडू द्या. तो असा की लावणीचा आनंद निष्पाप नाहीये. ज्या बायका पिढ्यानपिढ्या नाचल्या-गायल्या त्या ठराविक जातींच्या होत्या, त्यांना दुसरा रस्ता ठेवलेला नव्हता, आणि समोर बसून फेटा उडवणारे, दौलतजादा म्हणजे पैसे उधळणारे बहुतेक वेळा गावातले जमीनवाले होते. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर पोटुशी असताना बोर्डावर उभ्या राहिल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या, ही गोष्ट आपण 'काय ती कलानिष्ठा' म्हणून सांगतो. मला लहानपणी तशीच सांगितली गेली. आज ती ऐकताना मला पहिला प्रश्न पडतो की समोर बसलेल्या शेकडो माणसांपैकी एकानंही आज राहू दे बाई असं का नाही म्हटलं? त्यांना १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला आणि २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा परिस्थिती हलाखीचीच होती. मग त्या प्रेक्षकांत माझे आजोबा असतील, वडील असतील, आणि त्यांचा वारसा घेऊन मी भावे नाट्यगृहात बसलोय. आणि पुरुष म्हणून अजून एक कबुली, मी नुसता ऐकत नाही, बघतोही. आम्ही कलेसाठी जातो हो, असं म्हणणाऱ्या पुरुषावर माझा विश्वास नाही, माझ्यासकट.

तरीही मी जातो, आणि जावं असं म्हणतो. का? कारण या आक्षेपातून जो उपाय निघतो तो प्रत्येक वेळी त्या बायकांच्याच अंगावर येतो. बंदी आली की पोट कुणाचं मारलं जातं, फेटा उडवणाऱ्याचं का? दुसरा उपाय म्हणजे शुद्धीकरण. लावणी घ्यायची, तिच्यातली ती बाई काढून टाकायची आणि दुसरी बाई बसवायची. आज रिॲलिटी शोमध्ये, कॉलेजच्या गॅदरिंगला, कॉर्पोरेट ॲन्युअल डेला लावणी जोरात चालते, तिथं कुणाला फॅमिली आठवत नाही, फक्त नाचणारीचं आडनाव वेगळं असतं. हे काही आजचं नाही. बालगंधर्वांच्या काळात पुरुषानं नेसलेल्या शालूची फॅशन घरंदाज बायका उचलायच्या आणि त्याच स्टेजवर खरी बाई उभी राहणं मात्र पाप. शास्त्रीय गायिका हिराबाई बडोदेकरांनी हे मोडलं. बाईनं मैफलीत बसून, अदा-बिदा न करता नुसतं गायचं, आणि तेही तिकीट लावून, हा पायंडा पाडणाऱ्यांत त्या पहिल्या. मोठीच गोष्ट, आणि मी कुठल्याही तोंडानं त्याला नाव ठेवणार नाही. पण त्या दाराची उंची बघा ना. आत यायचं तर अदा बाहेर ठेवून यायचं. ज्यांची कलाच अदेत होती, गळ्यात आणि भुवईत एकत्र होती, त्या बाहेरच राहिल्या. लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळायला २०१२ साल उजाडलं, तोवर त्या नव्वदीच्या पुढे गेल्या होत्या.

आणि ज्यांना वाटतं लावणी म्हणजे बघायची गोष्ट, ऐकण्यासारखं त्यात काय, त्यांनी सुलोचना चव्हाण आठवाव्यात. आचार्य अत्र्यांनी लावणीसम्राज्ञी म्हटलं ती बाई डोक्यावरून पदर घेऊन, एका जागी उभी राहून गायची. नाच नाही, डोळा मारणं नाही. अर्ध्या महाराष्ट्रानं त्यांना रेडिओवरच ऐकलं, बघायला काही नव्हतंच. तरी ठसका पोचला ना? आमच्या चाळीत त्यांची लावणी लागली की शेजारच्या आजी आवाज कमी करा म्हणून ओरडायच्या आणि स्वतः खिडकीला येऊन उभ्या राहायच्या.

माझी बायको पूर्वी या विषयावर माझ्याशी भांडायची. मग ती तिच्या मैत्रिणींबरोबर ठाण्याला गेली, फक्त महिलांसाठी असलेल्या लावणीच्या शोला, गडकरीत. रात्री परत आली तर घसा बसलेला. शिट्ट्या मारून. मला म्हणाली तुला काय कळणार आहे, तू तर नुसता बसून असतोस, आम्ही पहिल्या गाण्यापासून उभ्या होतो. आता सांगा, त्या हॉलमध्ये पुरुषी नजर कुठून आली? एकही पुरुष प्रेक्षक नसताना तीच लावणी तेवढीच रंगत असेल तर तिची मालकी एकट्या फेटेवाल्याची कधीच नव्हती, त्यानं फक्त पुढची रांग अडवून ठेवली होती.

आता माझ्या बाजूच्या लोकांकडे वळतो, ज्यांच्यावर माझा जास्त राग आहे. जागरवाले. यांचं सगळं प्रेम 'महिला असूनही' या दोन शब्दांवर उभं आहे. महिला असूनही ढोलकी वाजवते, महिला असूनही रॅप करते. अरे, संगीत बारीत पार्टीची मालकीण बाई असते, पार्टी तिच्या नावानं चालते, पेटीवाला-ढोलकीवाला पगारावर असतात, पैशाची बोलणी ती करते. हे कुणी कालच्या महिला दिनाला सुरू नाही केलं. आमच्या नवी मुंबईच्या जमिनीवर तर याहून जुनी गोष्ट आहे. आगरी लग्नात धवलारीण असते, विधी तिच्या गाण्यानं होतात, हळदीपासून लग्न लागेपर्यंत कुठल्या वेळेला कुठलं गाणं ते सगळं तिच्या तोंडपाठ. मराठीतली आद्य कवयित्री आपण जिला म्हणतो त्या महदंबेनं १३ व्या शतकात रचले ते धवळेच, म्हणजे लग्नातली गाणी. करावे गावातल्या एका लग्नात मी धवलारणीला ऐकलंय, शेजारच्या मांडवात डीजे धडधडत होता आणि ही बाई खुर्चीच्या कडेवर बसून, हातातली पिशवीही खाली न ठेवता गात होती, आणि नवरीची आई तिच्याकडे बघून पुढचं ताट उचलत होती. सेक्टरमधल्या लोकांना वुमन-लेड म्युझिक पाहिजे असेल तर रस्ता ओलांडला की गावठाण आहे.

यावर माझ्या मुलीनं मला बरोबर पकडलं. ती पंधरा वर्षांची आहे, मुंबईतला वाइल्ड वाइल्ड विमेन नावाचा जो सगळ्या मुलींचा हिपहॉप ग्रुप आहे तो तिनंच मला ऐकवला. मी कुणाला तरी सांगत होतो की भारी आहे हा मुलींचा ग्रुप. तर म्हणाली, बाबा, तू मुलांच्या बँडला मुलांचा बँड म्हणतोस का? गप्प बसलो. मुद्दा खरा आहे. शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांचं गाणं १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलं ते लेडीज कोट्यातून गेलं नाही. मग बायकांचं म्हणून वेगळं नाव, वेगळा कार्यक्रम कशाला? गाणं चांगलं असेल तर आपोआप बोलावतील.

आपोआप? इथं मी मुलीशी थोडा असहमत आहे. १९९० च्या दशकात कॅनडाची गायिका सारा मॅक्लॉक्लन हिला आयोजक सांगायचे की एका कार्यक्रमात दोन बायका पाठोपाठ ठेवल्या तर तिकिटं खपत नाहीत. तिनं १९९७ ला लिलिथ फेअर काढला, सगळ्या गायिका किंवा बाई पुढे असलेले बँड, आणि त्या वर्षी तिकडच्या फिरत्या फेस्टिव्हलमध्ये कमाईत तो पहिला आला. आयोजकांचं 'आपोआप' इतकं पक्कं होतं की ते खोटं आहे हे वेगळा तंबू ठोकल्याशिवाय कळलंच नसतं. आमच्याकडेही दरवर्षीच्या ऑर्केस्ट्रात बघा, चार गायक, एक गायिका, आणि ती ड्युएटपुरती. निवेदक तिच्या साडीवर एक जोक करतो. हे आपोआपच चाललंय पंचवीस वर्षं. म्हणून वेगळी पाटी लावावी लागते, ती अभिमानानं मिरवायची गोष्ट नाही, पत्ता सापडावा म्हणून लावायची. पत्ता सापडला की पाटीकडे कोण बघतो?

हे मी क्रिकेटमध्ये डोळ्यासमोर घडताना बघितलंय, आणि तेही घराशेजारी. मार्च २०२३ ला डी वाय पाटीलवर बायकांच्या प्रीमियर लीगची पहिली मॅच झाली तेव्हा आमच्या बिल्डिंगमधले लोक गेले ते प्रोत्साहन द्यायला. हाच शब्द, प्रोत्साहन. जसं लहान मुलाच्या गॅदरिंगला जातो तसे. कॅच सुटला तर 'असू दे, छान प्रयत्न'. मग २ नोव्हेंबर २०२५. त्याच मैदानावर बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल, पावसानं मॅच उशिरा सुरू झाली, शफाली वर्माच्या ८७, भारताचे २९८, दीप्ती शर्माच्या पाच विकेट, दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं तेव्हा मध्यरात्र होत आली होती. त्या रात्री आमच्या गच्चीवर कुणाच्या तोंडात प्रोत्साहन नव्हतं. मिसफिल्ड झाली की शिव्या पडत होत्या, कसल्या रे, अस्सल. मला तेव्हा वाटलं, हां, आता झाल्या या बरोबरीच्या. वाईट खेळल्यावर शिवी खायचा हक्क मिळाला. जागरवाले गाणाऱ्या बाईला नेमका हाच हक्क देत नाहीत. मी मुलींचे दोन-तीन बँड ऐकलेत जे बेसूर होते, ड्रम वेगळीकडे आणि गाणं वेगळीकडे, आणि खाली सगळे उभे राहून टाळ्या वाजवतायत, सो ब्रेव्ह म्हणून. धाडस कसलं, सी शार्प चुकलाय. ती पोरगी घरी जाऊन रियाज कशाला करेल? उलट महादेवाच्या देवळात एखाद्या आजीबाईंचं भजनी मंडळ असतं तिथं टाळ चुकला की दुसरी आजी तिथल्या तिथं गुडघ्यावर चापट मारते. ते मला जास्त आदराचं वाटतं.

एक आक्षेप राहिला, आणि तो मला मान्यच आहे. सोसायटीचा पैसा सगळ्यांचा, ज्याला हा कार्यक्रम नको त्याच्या मेंटेनन्समधून का घ्यायचा? बरोबर. घेऊ नका. कुपनं काढा तीनशे रुपयांची, ज्याला यायचंय तो येईल. आवाजाचंही तेच, रात्री दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद, कायदाच आहे, तर सातला सुरू करा. तमाशाच्या मानानं सात म्हणजे दुपारच, पण चालेल. आणि कुपनं खपली नाहीत तर मी तोंड बंद ठेवेन, कारण आवडतंय म्हणायचं आणि तीनशे रुपये काढायचे नाहीत ही सुद्धा एक आपली परंपराच आहे.

खरं म्हणजे या वादात मला जे बोलायचं होतं ते मीटिंगमध्ये बोलता आलं नाही, कारण ते परंपरेच्या रकान्यात बसत नव्हतं आणि अश्लीलतेच्याही. मागच्या गणपतीत आपल्याकडे बायकांचं एक ढोलकी-लेझीमचं पथक आलं होतं. सगळ्यांनी व्हिडिओ काढले, स्टेटसला ठेवले, खाली लिहिलं नारीशक्तीला सलाम. मी विसर्जनाच्या आधी पंपाचा स्विच टाकायला खाली गेलो तर मीटर रूमचं दार आतून कुणीतरी दाबून धरलेलं. त्या बायका तिथं साड्या बदलत होत्या. बारा जणी, एक ट्यूबलाइट तीही लुकलुकणारी, एकीनं मोबाइलचा टॉर्च धरलेला, दुसरी मेन स्विचच्या पत्र्यात बघून कुंकू लावतेय. क्लब हाऊसला कुलूप होतं आणि चावी कुणाकडे ते कुणाला माहीत नव्हतं. मी सॉरी म्हणून मागे फिरलो तर आतून एक बाई म्हणाली, दादा, पाणी मिळेल का प्यायला. कार्यक्रम संपून दीड तास झाला होता. मीही व्हिडिओ काढणाऱ्यांतलाच, मलाही तोवर सुचलं नव्हतं.

म्हणून मी आता सेक्रेटरींना मेसेज टाकलाय. ऑर्केस्ट्रा ठरवा, लावणी ठरवा, रॅप ठरवा, जे बहुमत असेल ते. पण जे कोणी येतील त्यांच्यासाठी क्लब हाऊसची वरची खोली, आतून कडी लागणारी, आरसा, पंखा, बाथरूमची चावी वॉचमनकडे नको, त्यांच्या हातात. जेवण कार्यक्रमाच्या आधी. आणि पैसे त्याच रात्री, सोमवारी या म्हणायचं नाही. सेक्रेटरींचा आधी अंगठा आला. मग दहा मिनिटांनी मेसेज, वरच्या खोलीत जुना ट्रेडमिल पडलाय, हलवायला चार माणसं लागतील. मी म्हटलं रविवारी सकाळी नऊला येतो. आत्तापर्यंत तिघं झालोत. तिसरे म्हणजे ते 'मुलं बघणार'वाले काका, कारण ट्रेडमिल त्यांनीच सोसायटीला दिलेला आहे आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही.